फेस आला म्हणजे डाग गेला असं नाही: व्हिनेगर, सोडा आणि साबणाने घर साफ करायचा बरोबर क्रम

डागावर खाण्याचा सोडा पसरा, वरून व्हिनेगर ओता, फसफसून फेस आला की पुसून घ्या. हा सल्ला इतक्या तोंडांतून ऐकू येतो की तो चुकीचा असेल अशी शंकाच कुणाला येत नाही. फेस दिसतो, चरचर आवाज येतो, आत काहीतरी जोरात चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात व्हिनेगर आम्ल आणि सोडा अल्कली. दोघं भेटले की एकमेकांचा जोर काढून घेतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं ते जवळपास मीठपाणी. ५ टक्क्यांचं १०० मिली व्हिनेगर पूर्ण निकामी करायला साधारण ७ ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे चहाचा दीड चमचा. त्यानंतरही डाग निघालाच, तर तो तुम्ही हाताने घासलात म्हणून.

दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, पण वेगवेगळ्या डागांवर आणि वेगवेगळ्या वेळी. गडबड होते ती नेमकी इथे.

## तयारी: काय जवळ ठेवायचं

खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, पांढरं व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड म्हणजेच लिंबूसत्व, भांडी घासायचं लिक्विड आणि मीठ. एवढ्यात घरातली बहुतेक कामं होतात.

खाण्याचा आणि धुण्याचा सोडा एकच नव्हेत. खाण्याचा सोडा अगदी सौम्य, त्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप, ७ म्हणजे मधोमध) ८ च्या आसपास. धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास. तेलाचा जुना थर सोडवायला हा दुसरा लागतो, पण तो हाताची कातडीही कोरडी करून टाकतो, तेव्हा हातमोजे घाला. धुण्याचा सोडा मिळत नसेल तर खाण्याचा सोडा काचेच्या किंवा स्टीलच्या ताटलीत पातळ पसरून ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला तासभर ठेवा. त्यातलं पाणी आणि वायू निघून जातात आणि त्याचाच धुण्याचा सोडा होतो. वजन तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्तच घटतं. तयार झालेल्या डब्यावर लगेच चिठ्ठी चिकटवा, कारण दिसायला दोन्ही पांढरे आणि यातला एक खाण्याचा नाही.

व्हिनेगर पांढरंच घ्या. फळांच्या रंगीत व्हिनेगरने फिकट सांध्यांवर डाग पडू शकतात. लिंबाबद्दल लोकांना फार प्रेम आहे, पण रसात साखर आणि गर असतो, तो चिकटपणा मागे ठेवतो. लिंबाचा रस स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवला तर काही दिवसांत बुरशी धरतो. पिळलेली साल नळावर चोळायला ठीक, त्यापलीकडे लिंबूसत्व केव्हाही बरं.

सोबत चार सुती किंवा मायक्रोफायबरची फडकी, एक जुना टूथब्रश, एक मऊ घासणी, वापरून झालेलं एखादं प्लॅस्टिकचं कार्ड आणि दोन बादल्या. दोन का? एकीत द्रावण, दुसरीत फडकं खळबळायचं साधं पाणी. एकाच बादलीत सगळं केलं की मळच घरभर फिरवला जातो.

थांबा. घरात ब्लीच असेल तर ते या सगळ्यापासून वेगळ्या कपाटात ठेवा. ब्लीच व्हिनेगर किंवा लिंबूसत्वात मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. अमोनियात मिसळलं तर क्लोरामाइन तयार होतं, तेही विषारी. ब्लीच स्पिरिटमध्येही मिसळायचं नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एका बाटलीत भरू नका, त्यातून डोळ्यांना आणि श्वासाला झोंबणारं पेरॲसेटिक ॲसिड बनतं.

## पायरी १: डाग कशाचा आहे ते ओळखा

ही पायरी बहुतेक जण सोडून देतात आणि मग अर्धा दिवस घासत बसतात.

बोट फिरवा. ओशट लागलं, बोट चिकटलं, तर तो तेलाचा. त्याला साबण आणि सोडा. नखाला खरखरीत लागलं, रंग पांढुरका किंवा पिवळट असला आणि जागा नळाजवळची असली, तर ते पाण्यातले क्षार. त्याला आम्ल. खात्री करायची तर व्हिनेगरचा एक थेंब टाका आणि मिनिटभर वाकून बघा. बारीक बुडबुडे उठले तर क्षारच.

गंजावरही आम्ल चालतं. करपलेल्या थराला आधी अल्कली आणि उष्णता लागते. बाथरूमच्या भिंतीवर मात्र दोन्ही थर एकावर एक असतात. त्याचं पुढे वेगळं सांगितलंय.

## पायरी २: कशावर लावताय ते बघा

आम्ल चालत नाही अशा जागा: संगमरवर, चुनखडीच्या जातीचा कुठलाही दगड, मोझॅकची फरशी (तिच्यात संगमरवराचे तुकडे असतात), सिमेंटचे उघडे सांधे आणि बिडाची भांडी. संगमरवराचा मुख्य भाग आणि किटलीतला थर हे दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. जे आम्ल थर खातं ते दगडही खातं. मी एकदा संगमरवरी कट्ट्यावर लिंबाची अर्धी फोड पालथी ठेवून विसरले. सकाळी फोड उचलली तर खाली नेमकं तेवढंच गोल वर्तुळ. डाग नव्हताच तो, तिथली चकाकी गेली होती. ती पुसून परत येत नाही, दगड पॉलिशच करून घ्यावा लागतो.

अल्कली चालत नाही अशी मुख्य वस्तू म्हणजे ॲल्युमिनियम. दोन्ही सोड्यांनी ते काळवंडतं, धुण्याच्या सोड्याने जास्त. मेण किंवा पॉलिश लावलेल्या लाकडावर दोन्ही नकोत. टीव्ही आणि मोबाइलच्या पडद्यांवरही नकोत.

तपासा. दगड कोणता ते माहीत नसेल तर कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले किंवा पुसल्यावर जागा निस्तेज दिसली तर त्या दगडावर फक्त कोमट पाणी आणि दोन थेंब लिक्विड.

## पायरी ३: द्रावणं करून घ्या

- तेलासाठी: लिटरभर कडक गरम पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. पूर्ण विरघळल्यावर लिक्विडचे चार-पाच थेंब.
- घासायला: तीन भाग खाण्याचा सोडा, एक भाग पाणी, अशी लापशीसारखी पेस्ट. लागेल तेवढीच करा, उरलेली वाळून खडा होते.
- क्षारांसाठी: व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, किंवा लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व.
- काचेसाठी: एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी.

लिंबूसत्वाचं पाणी खळखळ उकळू नका. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यात फार तापवलं की त्यातून कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा साका बसतो, म्हणजे एक थर काढायला जाऊन दुसरा बसवल्यासारखं होतं.

आणि सोडा-व्हिनेगर एकत्र करून झाकणबंद बाटलीत भरायचं तर अजिबात नाही. आत वायू साठतो आणि बाटली फुटते. माझ्याकडे नुसतं झाकण उडून छताला लागलं, ते नशीब.

## पायरी ४: आधी कोरडं काम

पाणी लागण्याआधी जळमटं काढा, धूळ झटका, केर काढा. धुळीवर ओलं फडकं फिरवलं की तिचा चिखल होतो आणि सांध्यांत जाऊन बसतो. क्रम वरून खाली: छत, पंखा, कपाटांचे माथे, मग कट्टा, शेवटी फरशी. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून मागे ओढा, धूळ आतच राहते. आधी बटण बंद, एवढं सांगायला नको.

## पायरी ५: स्वयंपाकघरातला चिकटा

इथे घाई सगळ्यात महाग पडते. लोक द्रावण फवारतात आणि लगेच घासायला घेतात. सोड्याला तेलाशी भिडायला वेळ लागतो. गरम द्रावणात फडकं बुडवा, पिळा आणि चिकट जागेवर पोटीस बांधल्यासारखं पसरून ठेवा. दहा मिनिटं दुसरं काहीतरी करा. परत आल्यावर फडक्याखालचा पिवळा थर मऊ होऊन सरकायला लागलेला दिसेल. आता प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडा, मग घासणी, मग साध्या पाण्याने दोनदा पुसा. सोडा पूर्ण निघाला नाही तर वाळल्यावर पांढरी भुकटी दिसते आणि सगळे म्हणतात, सोड्याने डाग पडले.

शेगडीच्या वरच्या कपाटावरचा मधाच्या रंगाचा जुना चिकटा कधी कधी यालाही दाद देत नाही. त्यावर स्वयंपाकाच्या तेलाचे थोडे थेंब चोळा आणि पंधरा मिनिटं थांबा. जुनं तेल नव्या तेलात मऊ होतं. मग दोन्ही साबणाने काढा. बरणीवरच्या लेबलाचा गोंदही असाच निघतो.

भिंतीवरच्या टाइल्सना मात्र क्रम उलटा: द्रावण खालून वर लावत जा, धुताना वरून खाली. वरून लावलं तर ओघळ कोरड्या तेलकट भागावर उतरतात आणि त्यांच्या रेघा राहतात.

थांबा. चिमणी किंवा एक्झॉस्टची जाळी धुण्याच्या सोड्यात बुडवण्याआधी ती कशाची आहे ते बघा. पुष्कळ जाळ्या ॲल्युमिनियमच्या असतात. मी एक जाळी रात्रभर भिजत घातली होती. तेल सगळं गेलं, पण सकाळी जाळी राखाडी-काळी, हात लावला की हाताला काळं. तशा जाळीला गरम पाणी, भरपूर लिक्विड आणि अर्धा तास, बस.

## पायरी ६: करपलेलं भांडं

स्टीलच्या भांड्यात करपलेला भाग बुडेल एवढं पाणी, दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा, मंद आचेवर दहा मिनिटं उकळी. गॅस बंद करून भांडं तसंच निवू द्या. थर पापुद्र्यासारखा उचलला जातो, लाकडी उलथन्याने ढकला. राहिलंच काही तर सोड्याची पेस्ट. तारेची घासणी शेवटचा उपाय म्हणून ठेवा, कारण तिचे ओरखडे राहतात आणि पुढच्या वेळी तिथेच चिकटतं.

नंतर तळाला इंद्रधनुषी झाक किंवा पांढरे ठिपके दिसले तर आता व्हिनेगरचा चमचाभर फिरवा आणि धुवा. ॲल्युमिनियमच्या भांड्याला सोडा न घालता नुसतं पाणी आणि थोडं लिंबूसत्व घालून गरम करा. नॉनस्टिकला फक्त गरम पाणी, लिक्विड आणि संयम.

## पायरी ७: नळ, शॉवर, किटली

उभ्या जागेवर आम्ल टिकत नाही, ओघळून जातं. म्हणून ते बांधून ठेवायचं. टिश्यू पेपर निम्म्या-निम्म्या द्रावणात भिजवून नळाच्या बुडाशी, जिथे पांढरं कडं धरलेलं असतं तिथे, दाबून गुंडाळा. शॉवरला प्लॅस्टिकच्या पिशवीत द्रावण भरून ती रबरबँडने वर अडकवा. अर्ध्या तासाने टिश्यू उचला. कडं ओल्या खडूसारखं झालेलं असतं, टूथब्रशने चार वेळा फिरवलं की गळून पडतं. टिश्यू मध्येच वाळला असेल तर काम थांबलेलं असतं, पुन्हा भिजवा.

सोनेरी किंवा निकेलचा मुलामा असलेल्या नळाला पाच मिनिटांवर ठेवू नका. क्रोमलाही रात्रभर नको. रात्रभर ठेवलं की जास्त स्वच्छ होतं हा गैरसमज आहे, मुलामा जातो.

किटलीसाठी पाणी गरम करा, बंद करा, मग लिटरला एक मोठा चमचा लिंबूसत्व घाला आणि वीस-तीस मिनिटं राहू द्या. ओतून द्या, धुवा, साधं पाणी एकदा उकळून तेही ओतून द्या. व्हिनेगरनेही होतं, पण वास दोन दिवस पाठ सोडत नाही.

तपासा. काचेच्या ग्लासावरचा धुरकटपणा आम्लानेही हलला नाही तर तो क्षार नाही, काचच झिजली आहे. घासत बसू नका.

## पायरी ८: बाथरूमचे दोन थर

साबण जड पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा, दह्यासारखा साका बनवतो. त्यात अंगाचं तेल मिसळतं आणि खाली क्षार असतात. थेट आम्ल मारलं तर ते वरच्या मेणचट थरावरून घसरून जातं. म्हणून:

१. लिक्विड आणि खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावा, पाच मिनिटं थांबा, घासा.

२. भरपूर पाण्याने धुवा. सोडा राहिला तर पुढचं आम्ल तो खाऊन टाकेल आणि आपण पुन्हा मीठपाण्यावर येऊ.

३. टाइल्सचे सांधे साध्या पाण्याने नीट भिजवा. आधीच पाणी प्यायलेला सांधा आम्ल कमी शोषतो.

४. लिंबूसत्वाचं द्रावण लावा, दहा मिनिटं थांबा, ब्रश फिरवा, धुवा.

५. कोरडं पुसा. हे केलं नाही तर वाळणारं पाणी पुन्हा क्षार ठेवून जातं.

कमोडमध्ये पाण्याच्या रेषेवर जे पिवळट-तपकिरी वर्तुळ धरतं त्यावर आम्ल पाण्यात पातळ होऊन वाया जातं. आधी ब्रशने ढकलून पाण्याची पातळी खाली न्या, मग तीन-चार मोठे चमचे लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून ओता आणि रात्रभर ठेवा. उकळतं पाणी नको, चिनी माती तडकते.

थांबा. फ्लशच्या टाकीत वड्या टाकलेल्या असतील किंवा त्याच दिवशी विकतचं क्लीनर वापरलं असेल तर लेबल वाचा. त्यात ब्लीच असेल तर लिंबूसत्व त्यावर टाकायचं नाही. वडी काढून टाका, टाकी दोन-तीनदा रिकामी होऊ द्या, काम दुसऱ्या दिवशी.

## पायरी ९: काचा, फ्रिज, फरशी

काच उन्हात पुसू नका, द्रावण आधीच वाळतं आणि रेघा उठतात. काच तेलकट असेल तर आधी साबणाचं पाणी, मग व्हिनेगरचं.

फ्रिज आतून लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून पुसा. दाराच्या रबराच्या घड्या टूथब्रशने. वासाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

फरशीच्या बादलीत लिक्विडचे थेंब मोजून टाका. साबण जास्त झाला की थर राहतो, त्याला धूळ चिकटते आणि फरशी पुसल्यावर लवकर मळते.

## पायरी १०: तुंबलेलं सिंक

सोडा-व्हिनेगर इथेही सांगतात. फेस मोकळ्या वाटेने वर येतो, तुंबलेला बोळा जागेवरच. चिकटा असेल तर लिक्विडचे दोन-तीन मोठे चमचे आणि त्यावर नळाचं कडक गरम पाणी. उकळतं नको, प्लॅस्टिकचा पाइप मऊ पडून सांधे सैलावतात. त्याने झालं नाही तर रबरी पंप, आणि त्यानेही नाही तर खालचा वाकडा पाइप बादली ठेवून उघडा. न्हाणीघरातला बोळा तर केसांचाच असतो, त्याला आकडा घालून ओढण्यावाचून इलाज नाही.

## पायरी ११: जंतू मारायचे असतील तेव्हा

व्हिनेगरने जंतू मरतात म्हणून कच्चं मांस कापलेली पाटी त्याने पुसणं धोक्याचं आहे. काही जंतूंवर ते चालतं, सगळ्यांवर नाही. रोजच्या जागांना साबण-पाणी पुरतं. घरात उलटी-जुलाबाचा आजारी असेल किंवा कच्च्या मांसाचं पाणी सांडलं असेल तर ब्लीच. आधी साबणाने धुवा, कारण मळावर ब्लीचचा जोर वाया जातो. बाटलीवरचं प्रमाण पाळा. प्रमाण नसेल आणि ब्लीच ५ ते ९ टक्क्यांचं असेल तर लिटरभर साध्या पाण्यात चहाचे ४ चमचे, म्हणजे २० मिली. जागा किमान पाच मिनिटं ओली राहिली पाहिजे. खिडक्या उघड्या. द्रावण त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी त्याचा जोर उतरलेला असतो.

पाळीव प्राण्याने लघवी केलेल्या जागी ब्लीच ओतू नका, लघवीत अमोनिया असतो.

## पायरी १२: आवरताना

तेलाची फडकी आणि बाथरूमची फडकी वेगळी धुवा, कडक वाळवा. मायक्रोफायबरला फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका, त्याचे तंतू बुजतात आणि मग ते पाणी नुसतं ढकलतं. काचेचं व्हिनेगर-पाणी बाटलीत टिकतं, त्यावर नाव आणि प्रमाण लिहून ठेवा. सोड्याचं उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतून टाका. आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत यातलं काहीही भरू नका. रात्री तहान लागलेला माणूस दिवा न लावताच बाटली तोंडाला लावतो.